हाईबाचा आवाज

२८ ऑक्टोबर, सोमवार

अण्णा, बंकटदादा आणि वहिनी आज ऊसतोडीला गेले. कारखाना कर्नाटकात. दिंद्रुडच्या चौकात ट्रॅक्टर उभा होता. भांडी, वाकळा, कोंबड्या सगळं भरलेलं. अण्णा जाताना म्हणले, "मायकडं ध्यान दे. नुसतं त्या डबड्यात तोंड घालून बसू नको."

डबडं म्हणजे माझा कॉम्प्युटर. सोळा जीबी रॅम आहे त्यात. अण्णांना समजावण्यात अर्थ नाही.

मायचे गुडघे गेलेत, उसाची मोळी उचलवत नाही, म्हणून ती औंदा घरी. म्हणजे आता मी, माय आणि शेळी. बंकटदादाची खोली रिकामी. आजपासून तो स्टुडिओ. भिंतीला वाकळा ठोकल्या. आवाज अजिबात घुमत नाही. प्रोफेशनल.

प्लॅन असा. 'कोळशाचं रान' ही जुनी जपानी ॲनिमे सिरीज (कार्टून म्हणायचं नाही). एपिसोड चोवीस. इकडं कुणी आणली नाही. तिचं पूर्ण मराठी डबिंग मी करणार. संक्रांतीपर्यंत. मग मोठे स्टुडिओ आपणहून शोधत येतील.

३० ऑक्टोबर, बुधवार

कास्टिंग. हीरो इसोरु: मी. गावाचा मुखिया, सैनिक, घोडा: मीच, पण सॉफ्टवेअरने बदलून. अडचण एकच, हाईबा. जळालेल्या रानात राहणारी म्हातारी. राखेत बसते, आग राखते. थंडीने मरणाऱ्या गावासाठी इसोरुला तिच्याकडून आग आणायची असते. निम्मी सिरीज या दोघांच्या बोलण्यावर.

बाईचा आवाज पाहिजे म्हणून सर्व्हरवर, म्हणजे मी चालवतो त्या ऑनलाइन ग्रुपवर, जाहीर केलं. तिथं माझं नाव डायरेक्टर-सामा (सामा म्हणजे जपानीत साहेब). कुणी तयार झालं नाही. शेवटी मायला विचारलं. ती म्हणली, "मला कुठं वाचता येतंय?"

मी म्हणलो, मी वाक्य सांगतो, तू माझ्या मागं बोल.

वाक्य होतं: प्रवाशा, तू या अरण्यात का आलास?

माय माइककडं बघून म्हणली, "कावून आलास रं इकडं? घरी कुणी न्हाई का तुला?"

दुसरं वाक्य स्क्रिप्टमध्ये नाही. शिस्त नाही तिला. पण दुपारची गिरणी सुरू व्हायची वेळ झाली होती, म्हणून तात्पुरतं ठेवलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला एपिसोड टाकला. रिस्पॉन्स तुफान. "ही आजी कोण?" "आजीला मानलं." "आमच्या आजोळी अशाच बोलतात, डोळ्यात पाणी आलं."

म्हणजे माझं कास्टिंग लोकांना कळलं. डायरेक्शन दिसत नसतं, जाणवतं.

इसोरुबद्दल एकच कमेंट. नागपूरच्या एका मेंबरची, नाव 'झोपलेला निन्जा'. "हीरोचा आवाज जरा कमी ठेवा." व्हॉल्यूमचा प्रॉब्लेम दिसतो. लेव्हल बघतो.

११ नोव्हेंबर, सोमवार

निवडणुकीच्या भोंग्यांनी वैताग. इसोरु म्हणतो, "मी माझ्या गावासाठी प्राण देईन," आणि मागून आवाज, "ताई, माई, अक्का." चार टेक वाया.

माय कापूस वेचून आली ती घसा बसवूनच. म्हणली, "धुळीनं धरलाय." मी चिडलो. रेकॉर्डिंगच्या दिवशी तोंडाला पदर बांधायला काय होतं? पण मग हेडफोन लावून ऐकलं. काय टेक्श्चर! खरखर, खोल, राखेतून आल्यासारखा. हाईबा आता कुठं हाईबा झाली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सर्व्हरवर रोज नवी माणसं. संस्कृती नावाची मुलगी आली, लातूरला दातांच्या डॉक्टरकीला आहे. तिने हाईबाचं चित्र काढलं. लुगडं, कपाळभर कुंकू, डोक्यावर राखेची पाटी. दुकानात कलर प्रिंट काढून मायला दाखवलं. (दुकान माझंच. स्टँडजवळ. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. तात्पुरतं आहे.)

मायने चित्र उन्हात धरून बघितलं. "ही मी हाय? लईच जाड काढली गं बया." मग हसली, हसता हसता ठसका लागला. चित्र देवाच्या फळीवर लावलं.

आता रोज जेवताना विचारते, "त्या म्हातारीचं फुडं काय झालं?" आज विचारलं, "तिला लेकरं न्हाईत का?" सिरीजमध्ये तसं काही नाही म्हणलो. ती म्हणली, "आसतील. तोडीला गेली आसतील."

२ डिसेंबर, सोमवार

शेजारची छबुबाई दुकानात आली. आधार कार्डाचं काम म्हणून आली आणि मायबद्दल भलतंच बोलली. "मुक्ताबाईचा घसा दिवाळीपासनं बसलाय. दाखव की कुणाला." दुकानात गिऱ्हाईक होतं. लोकांसमोर असं बोलायची काय पद्धत?

तरी मेडिकलमधून गोळ्या आणल्या. चघळायच्या, संत्र्याच्या चवीच्या. अंबाजोगाईला दवाखान्यात नेणारच आहे. दहावा एपिसोड झाला की लगेच.

८ डिसेंबर, रविवार

आठवा एपिसोड. आतापर्यंतचा बेस्ट. निन्जाने लिहिलं, "काकूंचा आवाज ऐकून अंगावर काटा आला. दर एपिसोडला भारी होत चाललाय."

याच्यामागं कष्ट आहेत, लोकांना काय माहीत. माय रोज संध्याकाळी हळदीचं दूध घेत होती. त्याने परवा सकाळी आवाज थोडा मोकळा झाला आणि मागच्या सीनशी जुळेना. म्हणून रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी दूध बंद केलंय. कंटिन्यूटी.

माय म्हणली, "बरं बाबा, तुला लागतंय तसं."

अशी आर्टिस्ट मिळायला नशीब लागतं.

१५ डिसेंबर, रविवार

आज कडक व्हावं लागलं. संस्कृतीने 'एपिसोड-चर्चा'मध्ये लिहिलं, "सर, काकूंचा आवाज पहिल्या एपिसोडपासून बदलत चाललाय. ही ॲक्टिंग आहे की खरंच बसलाय? तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असेल तर घशाच्या डॉक्टरांना दाखवावं लागतं. काकू तंबाखू किंवा मिश्री लावतात का?"

त्या चॅनेलवर फक्त एपिसोडची चर्चा करायची, असा नियम आहे. मीच लिहिलाय. नम्रपणे वॉर्निंग दिली. तिने परत लिहिलं, "सर, प्लीज." मग निन्जा पण विचारायला लागला. एकदा विषय भरकटला की सर्व्हर हातातून जातो. संस्कृतीला आठवडाभर म्यूट केलं.

मिश्री लावते माय. कोणती बाई लावत नाही? छबुबाई पण लावते. तिचा आवाज तर बसस्टँडपर्यंत जातो.

२५ डिसेंबर, बुधवार

एका वाक्याला दहा-दहा टेक. मध्येच खोकला. मी एडिटिंगला बसून एकेक खोकला कापून काढतो. फेकले मात्र नाहीत, वेगळे सेव्ह केलेत. चौदाव्या एपिसोडमध्ये रानात धूर होतो तिथं वापरता येतील. नॅचरल इफेक्ट विकत मिळत नाही.

माय भाकरी कमी खाते. वरणात कुस्करून, तीही अर्धी. म्हणते गिळताना टोचतंय, कान पण दुखतोय. कानाचं कारण माझ्या लक्षात आलं, हेडफोन. तिला आता हेडफोन देत नाही. कळलं की इलाज सोपा असतो.

१ जानेवारी, बुधवार

नवं वर्ष. संकल्प: जपानी शिकायची, रोज पळायला जायचं, सर्व्हरवर कुणाशी वाद घालायचा नाही. आणि सोमवारी मायला अंबाजोगाईला नेणार. तारीख ठरवून टाकली. मायला सांगितलं. तिने बोटावर वार मोजला.

६ जानेवारी, सोमवार

स्कॉलरशिपच्या फॉर्मची मुदत. सकाळी दुकान उघडायच्या आधीच पोरं पायरीवर. साइट चालत नव्हती, मग चालायला लागली, मग सगळ्यांना एकदमच पाहिजे. दुपारी आठवलं. छबुबाईच्या पोराला घरी पाठवून निरोप दिला की गाडी गेली, आता पुढच्या सोमवारी.

संध्याकाळी छबुबाईने ऐकवलं. माय नवं लुगडं नेसून, पिशवीत भाकरी बांधून सकाळपासून दारात बसून होती म्हणे. निरोप आल्यावर लुगडं बदललं आणि कापसाला गेली.

मला तर काही म्हणली नाही. म्हणजे तिचं तेवढं काही दुखत नसणार.

१३ जानेवारी, सोमवार

उद्या संक्रांत. सणाच्या तोंडावर डॉक्टर कुठं जागेवर असतात?

१४ जानेवारी, मंगळवार

चोवीस व्हायला पाहिजे होते, पंधरा झालेत. पण क्वालिटी बघितली पाहिजे.

बायका तीळगूळ घ्यायला आल्या. मायच्या तोंडून शब्दच फुटेना. हातात तीळगूळ ठेवायची आणि नुसती हसायची. छबुबाई मला बाजूला घेऊन म्हणली, "गहिनीनाथ, आरं तुला कळत न्हाई का? तिचं बोलणं बंद व्हायलंय."

मी समजावलं की आर्टिस्ट लोक आवाज राखून ठेवतात. ती मला तीळगूळ न देताच मायकडं गेली.

२६ जानेवारी, रविवार

एक निर्णय घेतला. हाईबा बाविसाव्या एपिसोडमध्ये मरते. तो सीन आजच रेकॉर्ड केला. आवाज आहे तोवर. म्हणजे, आवाज असा छान आहे तोवर.

शाळेतला झेंडा झाला, गिरणी बंद, गाव शांत. मायला पाटावर बसवलं, माइक अगदी ओठाजवळ. आता नुसती कुजबुज निघते तिच्या तोंडून. मी वाक्य दिलं: जा बाळा, अग्नी घेऊन जा.

मायने डोळे मिटले. "जा बाबा. आग घिऊन जा. माह्यापाशी काय ऱ्हायलंय आता."

मग डोळे उघडून मला विचारलं, "ही मरती का रं?"

हो म्हणलो.

"मंग तिच्याजवळ कोण बसलंय?"

मी स्क्रीनवर दाखवलं. कुणी नाही. इसोरु मशाल घेऊन डोंगर उतरतोय, म्हातारी राखेत आडवी. माय म्हणली, "त्या पोराला म्हणावं, बस जरा. गाव काय पळून चाललंय का?"

मी सांगितलं, चित्र जपानमध्ये काढलेलं आहे, बदलता येत नाही.

"आसं हाय व्हय," म्हणली. उठताना माझ्या खांद्याला धरून उठली. हात लई हलका लागला.

रेकॉर्डिंग एक नंबर झालंय.

१० फेब्रुवारी, सोमवार

मोरीत मायने चूळ भरली होती. पाणी टाकायचं राहिलं असेल. लाल होतं.

पानाचा रंग असेल.

माय पान खात नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांना फोन लावायला घेतला. तिकडं त्यांचं काम जोरात असणार, उगाच जिवाला घोर. आधी मी स्वतः नेऊन आणतो, मग रिपोर्ट घेऊनच सांगू. गुरुवारी नक्की.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

छबुबाईने कालच अण्णांना फोन केला. मला न विचारता. आमच्या घरातलं हिला काय पडलंय?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अण्णा आले. मिळेल त्या ट्रकने आले असावेत, अंगावर उसाची कुसळं तशीच. माय दारात गेली. तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. नुसती हवा.

अण्णा ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. काय काय सांगायचं ते पण ठरवलेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तांब्याभर पाणी प्यायले, मायची पिशवी घेतली आणि लगेच अंबाजोगाईच्या गाडीला निघाले. मी चप्पल घातली तर म्हणले, "तू दुकान बघ."

दुकान बघितलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं. घशात गाठ आहे. तुकडा काढून तपासायला दिलाय.

सर्व्हरवर नोटीस टाकली: काही तांत्रिक कारणांमुळे हाईबा ब्रेकवर आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट आला. ते आहे.

शब्द लिहायची गरज नाही. मला माहीत आहे कोणता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांचा फोन. "आरं ही कोण पोरगी आली हाय दवाखान्यात? मायला हाईबाकाकू म्हणायली. मोसंब्या घिऊन आली. संग दोन पोरं हायती."

संस्कृती. तिची मावशी संभाजीनगरला असते. निन्जा खास नागपूरहून आला. त्याचं खरं नाव सुरज, हे मला आज कळलं. मी फक्त नोटीस टाकली होती, तरी यांनी एकमेकांत बोलून, शोधून काढलं. अण्णा म्हणले, पोरगी मायच्या पायाशी बसून राहिली, मोबाइलवर तिला तिचाच एपिसोड लावून दाखवला, शेजारच्या खाटांवरच्या बाया पण उठून बघायला आल्या. "सगळ्या वॉर्डात तुझ्या मायचं नाव झालंय," म्हणले. मग, "तू कवा येतुस?"

अभिमान वाटला. माझ्या सर्व्हरची माणसं आहेत.

बाविसाव्याचं एडिटिंग अर्ध्यात आहे. ते झालं की जातो.

२ मार्च, रविवार

गेलो. ऑपरेशन उद्या. डॉक्टर बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं. गाठ स्वरयंत्रावर पसरलीय. अख्खं काढावं लागेल. श्वासाला गळ्याच्या पुढून भोक ठेवतील. जेवता येईल. जगतील. बोलता येणार नाही.

अण्णांनी विचारलं, "आजाबात?"

त्या म्हणल्या, पुढे शिकवतात, यंत्रही असतं, काहींना जमतं. पण हा आवाज नाही.

मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? म्हणजे सहज विचारलं. त्या म्हणल्या, सुरुवातीला नुसत्या किरणांच्या शेकानेही पुष्कळदा आवाज वाचतो. मग चष्मा पुसत बसल्या.

सुरुवात म्हणजे नेमकी कधी, हे त्यांनी सांगितलं नाही. नोव्हेंबर असेलच असं नाही.

३ मार्च, सोमवार

मायला आत नेलं तेव्हा मी खाली कागदांच्या झेरॉक्स काढायला गेलो होतो. झेरॉक्समधलं मलाच कळतं. वर आलो तर खाट रिकामी.

अण्णांना विचारलं, जाताना काही बोलली का? त्यांनी कान पार तिच्या तोंडाला लावला होता म्हणे.

"काय म्हणली?"

"शेळीला पाणी पाजलं का कुणी, म्हणली."

"आणखी काय?"

"आणखी काय न्हाई."

मी काही वेगळं धरून चाललो होतो. तिने शेवटचं काही तरी माझ्यासाठी ठेवलं असेल असं. अण्णांना परत विचारलं, नीट आठवा. ते म्हणले, "शेळी कुणाकडं ठिवलीस?"

छबुबाईकडं ठेवली होती. म्हणजे, तिनेच येऊन नेली होती.

३० मार्च, रविवार. पाडवा

माय घरी आली. गळ्याला भोक, त्यावर पांढरी पट्टी. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते. गुढी अण्णांनी उभारली. माय खाटेवर बसून बघत होती. बारीक झालीय, पण चेहरा चांगला आहे.

मी मात्र रिकामा बसलो नव्हतो. मार्ग काढलाय. आता कॉम्प्युटरला आवाजाचे नमुने दिले की तो त्याच आवाजात काहीही बोलतो. माझ्याकडं मायचा आवाज तीन महिन्यांचा आहे, तोही वाकळांच्या खोलीत, स्वच्छ रेकॉर्ड केलेला. कुणाच्या आईचा एवढा आवाज कुणाकडं असेल? लोक म्हणतील गहिनीनाथने काय गमावलं. मी म्हणतो काहीच नाही. मी टाइप करीन, माय बोलेल.

आणि उरलेले एपिसोड पण होतील.

१२ एप्रिल, शनिवार

जमलं. चार दिवस कॉम्प्युटर बंद केला नव्हता. स्पीकर अंगणात लावला, अण्णांना आणि मायला समोर बसवलं, छबुबाई पण आली. मी टाइप केलं: गहिनीनाथ, जेवायला चल.

आवाज निघाला. निघाला, पण हाईबाचा. तोच खरखरता, राखेतला. कारण माझ्याकडं आहे ते सगळं माइकसमोरचं. घरातलं, भाकरी थापतानाचं, शेळीला हाकलतानाचं मी काही ठेवलं नव्हतं. त्यात कॉम्प्युटर मराठी नीट बोलत नाही, 'चल' म्हणायच्या आधी खोकला.

खोकला पण शिकला तो.

छबुबाईने तोंडाला पदर लावला आणि उठून गेली. अण्णांनी जाऊन स्पीकरची वायर काढली. रागाने नाही, अंगणातली कपड्यांची दोरी काढावी तशी.

माय माझ्याकडंच बघत होती. मी म्हणलो, अजून सुधारणा करता येईल. तिने हात पुढं करून माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

१३ एप्रिल, रविवार

तोच नमुना सर्व्हरवर टाकला. टेक्निकल फीडबॅक पाहिजे म्हणून. संस्कृतीने लिहिलं, "सर, हे काढून टाका." निन्जा सर्व्हर सोडून गेला. मागोमाग बरेच गेले. संस्कृती आहे अजून. पण माझ्याशी बोलत नाही, रोज अण्णांच्या फोनवर व्हिडिओ कॉल करते. माय तिला हातवारे करून काय काय सांगते आणि तिला समजतं पण. परवा दोघी हसत होत्या. माय हसते तेव्हा आता पट्टी हलते, एवढंच.

१७ एप्रिल, गुरुवार

काढून टाकलं. जागा अडत होती.

२० एप्रिल, रविवार

मधले राहिलेले सोडून सरळ बाविसावा एपिसोड टाकला. मायचा खरा आवाज, जानेवारीतला. लोक लई रडले. इसोरुची वाक्यं या वेळी मी लहान केलीत. एक-दोन तर काढूनच टाकली. एडिटिंगच्या दृष्टीने.

दुपारी मायला दाखवायचं होतं. ती खाटेवर होती. मोबाइल हातात दिला, आवाज मोठा केला. "जा बाबा, आग घिऊन जा," मोबाइलमधून निघालं तशी ती दचकली आणि गळ्याला हात लावला. पूर्ण बघितलं तिने. संपल्यावर मोबाइल पदराने पुसून मला परत दिला.

कशी वाटली, विचारलं. तिने हाताने सांगितलं, चांगली. मग तोच हात उशाजवळ थोपटला. तिथं जागा होती. मला वाटलं गादी नीट करायला सांगतेय. गादी ओढून नीट केली आणि दुकानाला आलो.

दुकानात बसल्यावर कळलं ती काय म्हणत होती. पण तेव्हा गिऱ्हाईक होतं.

२१ एप्रिल, सोमवार

आजपासून रोज संध्याकाळी तासभर मायजवळ बसायचं. नक्की.

२४ एप्रिल, गुरुवार

दुकानात गर्दी. निकालाचा सीझन जवळ येतोय.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया

अण्णांनी स्टुडिओच्या भिंतीवरच्या वाकळा काढून धुवायला टाकल्या. बंकटदादा आणि वहिनी आलेत, त्यांना खोली लागणार. खोलीत बोललं की आता घुमतं.

मी कॉम्प्युटर पॅक करत होतो. माय दारात आली. तब्येत बरी आहे तिची, आज पुरणाला पण बसली होती. चौकटीला धरून उभी राहिली आणि माझ्याकडं बघून ओठ हलवले. सावकाश. लांब काही तरी होतं, दोन-तीन वाक्यं असतील.

मला कळलं नाही.

तिने परत तेच सांगितलं, आणखी सावकाश. संस्कृतीला कळलं असतं. अण्णांना कळतं. अण्णांना हाक मारावी असं वाटलं, पण मग त्यांच्यासमोर कबूल करावं लागलं असतं.

हो, म्हणलो. हो माय.

ती तशीच उभी राहिली. हो म्हणण्यासारखं ते नव्हतं बहुतेक. काही तरी विचारलं असेल. तिने थोडी वाट बघितली, मग मान हलवली आणि पुरण बघायला आत गेली.